खुलासा: लॉस एंजेलिसचे शेरीफ आणि महापौर
‘शेरीफ रॉबर्ट लुना शहर पोलिसांचे प्रमुख आहेत, महापौर त्यांना कधीही काढू शकतात,’ हा मेसेज ग्रुपवर मीच टाकला होता. तो चुकीचा आहे.

शहर पोलीस खातं वेगळं. त्याच्या प्रमुखाची नेमणूक महापौर करतात. शेरीफ हा अख्ख्या काउंटीतल्या (शहर ज्यात येतं त्या जिल्ह्यासारख्या भागातल्या) मतदारांनी निवडलेला, काउंटीचे तुरुंगही त्याच्याच ताब्यात. लुना नोव्हेंबर २०२२मध्ये तेव्हाचे शेरीफ अॅलेक्स व्हिलान्युएव्हांना हरवून आले. तुरुंगांची सुधारणा आणि डेप्युटींच्या (शेरीफच्या हाताखालच्या अधिकाऱ्यांच्या) टोळ्यांना आळा, हे त्यांच्या प्रचारातले मुद्दे होते.

काढण्याची सोय आहे, पण महापौरांकडे नाही. त्याच निवडणुकीत मंजूर झालेल्या ‘मेझर ए’ या काउंटीच्या प्रस्तावाचा मजकूर मी आता (आधीच वाचायला हवा होता!) वाचला: सबळ कारण असेल तर काउंटीचा कारभार पाहणाऱ्या मंडळातले पाचपैकी चार सुपरवायझर शेरीफला हटवू शकतात.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका.