तळ्याचा काठ मातीचाच राहू द्या

काल पुन्हा त्या तळ्याकाठच्या बागेत जाऊन आलो. गाव लहान, तळं लहान, बाग तर त्याहून लहान. चार बाकं, दोन झोके, एक जुनं झाड आणि पाण्यापर्यंत उतरणारी पायवाट. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला पाच मिनिटंही लागत नाहीत. मी दोन तास होतो, आणि त्यातला बराचसा वेळ काठावर उकिडवा बसून होतो.

मला तरी त्या बागेतली सगळ्यात मोलाची जागा तीच वाटते. पाणी कुठे संपतं आणि जमीन कुठे सुरू होते हे नेमकं सांगता येत नाही असा चिखलाचा पट्टा, त्यात लव्हाळं, पाणकणसं. काल तिथे एका पानाला चतुराची कात चिकटलेली दिसली. चतुराची अळी महिनोन्‌महिने, काही जातींमध्ये तर काही वर्षं, पाण्यातच वाढते. वेळ झाली की एखादा देठ धरून वर चढते, पाठ उकलते आणि आतून पंखवाला चतुर बाहेर येतो. शेजारी खेळणाऱ्या मुलीला ती कात दाखवली. तिने वाकून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "काका, मग आतला कुठे गेला?" मी पाण्यावरून भिरभिरणाऱ्या चतुरांकडे बोट केलं.

थोडं आत टिबुकली या छोट्या पाणपक्ष्याचं घरटं होतं. ते पाण्यावर तरंगतं, लव्हाळ्यात अडकवलेलं असतं, त्यामुळे पाणी थोडं चढलं तर तेही वर येतं. घरट्यातून उठताना ती पाणवनस्पतींनी अंडी झाकून जाते.

हे सगळं बघत असतानाच एकांनी मोठ्या आनंदाने सांगितलं की बागेचं सुशोभीकरण मंजूर झालंय. काठाला सिमेंटची भिंत, वर फरशी, रेलिंग, पांढरे दिवे. मला मनापासून वाईट वाटलं. त्यांचा हेतू चांगला आहे, याबद्दल शंका नाही. म्हाताऱ्या माणसांना चिखलातून चालता येत नाही, लहान मुलांची काळजी वाटते, हे मलाही कळतं. मग एका बाजूला लाकडी धक्का बांधा, चाकाची खुर्चीही जाईल असा, त्याला कठडा लावा. उरलेल्या काठाला मात्र हात लावू नका.

कारण भिंत काठ वाचवते हा समज अर्धवट आहे. उभ्या भिंतीवर आपटलेली लाट परत फिरते आणि भिंतीच्या पायाशी तळ उकरत राहते. लव्हाळ्यात शिरलेली लाट तिथेच विरते, आणि मुळं माती धरून ठेवतात. हीच झाडं पाण्यातलं नत्र आणि स्फुरद शोषून घेतात. ती उपटली, वर हिरवळ लावून तिला खत घातलं, की पावसाबरोबर ते सगळं तळ्यात येतं आणि शेवाळ माजतं. उथळ तळं एकदा का असं हिरवं, गढूळ झालं की त्याला परत नितळ करणं फार अवघड जातं. (बदकांना पाव टाकू नका असं सांगतात, त्यामागेही हेच एक कारण आहे. न खाल्लेला पाव कुजून पाण्यातच मिसळतो.) गुळगुळीत उभ्या भिंतीवरून बेडकांना बाहेर चढता येत नाही. खंड्या मातीच्या उभ्या दरडीत बीळ खोदून घरटं करतो, सिमेंटमध्ये कसं करणार? आणि पांढऱ्या दिव्यांभोवती रात्रभर किडे घिरट्या घालून मरतात.

इराणमध्ये, कॅस्पियन समुद्राकाठच्या रामसर शहरात २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळ जागांसाठी आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यातल्या व्याख्येत माणसाने तयार केलेल्या पाणथळ जागाही बसतात, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पण त्या कराराच्या यादीत एवढंसं तळं कोण घालणार? त्याला राखणारं गावाशिवाय कुणी नाही.

तुमच्या जवळच्या तळ्याकाठीही असं काम निघणार असेल, तर ते सुरू होण्याआधी तासभर काठावर बसून या. काय काय दिसलं ते तारखेसह लिहा, फोटो काढा आणि ठरवणाऱ्यांना नेऊन दाखवा. माझी वही कालपासून सुरू झाली आहे. पहिली नोंद चतुराच्या कातीची.