आमचा सतरा, तुमचा सहासष्ट

गोव्यात पर्वरीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा एका नव्या रहिवाशांनी एका वयस्कर काकांना फार तुसडेपणाने दुरुस्त केलं. काकांनी लिहिलं होतं, 'सतरावर गाड्या अडकल्यात, आतल्या रस्त्यानं या.' त्यावर उत्तर आलं, 'एनएच १७ आता अस्तित्वात नाही. एनएच ६६ म्हणा, लोकांची दिशाभूल होते.' काकांनी मेसेज काढून टाकला. मला ते लागलं, म्हणून हे लिहिते आहे.

नंबर बदलला हे खरं आहे. २०१० साली केंद्राने सगळ्या राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक दिले. उत्तर-दक्षिण जाणाऱ्यांना सम आकडे, पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम. सम आकडे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत येतात, म्हणून समुद्राच्या कडेकडेनं जाणाऱ्या आपल्या रस्त्याला ६६ आला. तीन आकडी क्रमांक म्हणजे फाटा. बेळगावहून अनमोड घाट उतरून मोले, फोंडा करत पणजीला येणारा ४ए झाला ७४८. कुठ्ठाळीहून वास्कोला जाणारा १७ए झाला ३६६ आणि फोंडा-वेर्णा-वास्को हा १७बी झाला ५६६. पद्धत विचार करून ठरवलेली आहे, तिच्याशी माझं भांडण नाही. पण इथल्या माणसाच्या तोंडी सतरा बसला तो नकाशा बघून बसलेला नाही. भूसंपादनाच्या नोटिशीवर तोच आकडा होता, अपघाताच्या बातमीत तोच, कोर्टाच्या कागदावरही तोच. रुंदीकरणात ज्यांचं अंगण गेलं, त्या घरातल्या पोरांनाही तो पाठ असतो. त्याला चूक म्हणणं मला पटत नाही.

आणि खरं सांगायचं तर सतरा तरी आम्ही किती वेळा म्हणतो? पर्वरीत उभं राहिलं की एका अंगाला म्हापशाचा रस्ता, दुसऱ्या अंगाला पणजीचा. मधल्या ठिकाणांना स्वतःची नावं आहेत: तीन बिल्डिंग, ओ कोकेरो, गिरीचं ग्रीन पार्क, करासवाडा. बस त्याच नावांवर थांबते. कुणाला 'बांबोळीला नेलं' असं कळलं की पुढचं कुणी विचारत नाही, गोमेकोत, म्हणजे तिथल्या गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, दाखल केलंय हे समजून घरातली माणसं निघतात. जुवारीवरच्या नव्या पुलाला मनोहर सेतू आणि मांडवीवरच्या तिसऱ्याला अटल सेतू अशी नावं दिली, तरी बोलताना 'नवा जुवारी' आणि 'तिसरा पूल'च येतं. त्यात कुणाचा अनादर नाही. ज्या पुलाचं काम वर्षानुवर्षं बघत आपण फेरीबोटीच्या किंवा गाड्यांच्या रांगेत थांबलो, त्याला उद्घाटनाच्या आधीच नाव पडलेलं असतं.

सरकारी नावं लोक घेत नाहीत असंही नाही. पणजीत अठरा जून रस्ता सगळेच म्हणतात. १८ जून १९४६ ला डॉ. लोहियांनी मडगावात सभा घेतली, ती आठवण त्या नावात राहिली. कळंगुटकडे जाणारा चोगम रोडही तसाच. १९८३ साली राष्ट्रकुलातल्या देशांचे प्रमुख गोव्यात आले होते, ती परिषद संपून एवढी वर्षं झाली तरी नाव टिकलं आहे. पर्राच्या माडांच्या रस्त्याला मात्र आता बाहेरचे लोक एका हिंदी सिनेमाच्या नावानं हाक मारतात. रस्त्यात गाडी आडवी लावून फोटो काढणाऱ्यांना गावाचं नाव विचारा, बहुतेकांना सांगता येत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं. पर्रा हे नांदतं गाव आहे, तिथे माणसं राहतात.

पण नवे लोक म्हणजे सगळे एकाच माळेचे मणी नाहीत, हेही मी रोज बघते. आमच्याकडे पार्सल घेऊन येणारा ओडिशाचा मुलगा पहिल्याच महिन्यात फोनवर विचारू लागला, 'ताई, तीन बिल्डिंगच्या वर की खाली?' त्याला कुणी शिकवलं नाही. चुकला तर पेट्रोल त्याच्याच खिशातून जातं, म्हणून तो पिवळ्या मडगार्डच्या गाडीवर बसलेल्या पायलटला, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्याला, विचारतो, बसच्या कंडक्टरला विचारतो, चहावाल्याला विचारतो. विचारणारा माणूस चार महिन्यांत इथला होतो. गाडीच्या काचा वर करून पडद्यावरची निळी रेघ बघत जाणाऱ्याला दहा वर्षांनंतरही रस्त्याचा फक्त नंबर ठाऊक असतो.

यात जिवाचाही प्रश्न आहे. गेल्या पावसाळ्यात गिरीच्या उतरणीवर एक भाड्याची स्कूटर घसरली. मागे बसलेली मुलगी रस्त्यावर पडली होती, गुडघा फाटला होता. तिचा मित्र १०८ ला फोन लावून 'एनएच सिक्स्टी सिक्स, एनएच सिक्स्टी सिक्स' एवढंच ओरडत होता. ६६ तर पत्रादेवीपासून पोळ्यापर्यंत सगळा गोवा आहे, गाडी पाठवायची कुठे? तिथे टोपली घेऊन बसलेल्या मासेवालीनं त्याच्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, 'गिरीची देंवती, खुरसा म्हऱ्यांत, पणजेच्या वटेन.' म्हणजे गिरीची उतरण, क्रुसाजवळ, पणजीच्या बाजूला. तीन गोष्टींत जागा, खूण आणि रस्त्याची बाजू. एवढ्यावर पलीकडच्या माणसाला सगळं कळलं.

आता हेच नाव-खुणांचं जाळं आमच्या डोळ्यांदेखत तुटतं आहे. पर्वरीत उन्नत मार्गाचं काम चालू आहे. त्यासाठी मार्च २०२५ मध्ये खाप्रेश्वराचं देवस्थान आणि तिथला जुना वड मूळ जागेवरून हलवला. लोकांनी विरोध केला, रस्त्यावर उतरले, तो वाद सगळ्यांनी वाचला आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. 'वडाकडे उतरतो' म्हणणाऱ्या माणसाची उतरायची जागाच गेली. वरून जाणाऱ्या गाड्यांना याचं काही वाटणार नाही. खालच्या सर्व्हिस रोडवर बसची वाट बघणाऱ्या आजीला वाटेल. रुंदीकरणाच्या आराखड्यात खांबांना क्रमांक असतात, खुणेच्या झाडांना आणि घुमट्यांना नसतात.

म्हणून माझी मागणी साधी आहे. उन्नत मार्गाखालच्या प्रत्येक थांब्यावर, प्रत्येक चौकात साबांखाने (सार्वजनिक बांधकाम खात्याने) लोकांच्या तोंडचं नाव लिहावं, तेही देवनागरीत, मोठ्या अक्षरात. रोमन पाटी वाचून डिचोलीचं 'बिचोलिम' आणि पेडण्याचं 'पेर्नेम' झालंच आहे, आता थांब्यांचं तरी तसं होऊ नये. शेजारी महामार्गाचा क्रमांक आणि किलोमीटरही लिहावा, तो १०८ ला आणि पोलिसांना लागतो. दोन्ही एका पाटीवर मावतात. सोसायट्यांनीही गेटवर पत्ता लिहिताना बिल्डरनं दिलेल्या इंग्रजी नावाखाली वाड्याचं नाव लिहावं.

मी निवेदनाचा मसुदा तयार करते आहे. सुकूर, पेन्ह द फ्रान्स आणि साल्वादोर द मुंद या तिन्ही पंचायतींतल्या लोकांनी आपापल्या थांब्याचं, वळणाचं, चढणीचं घरात चालतं ते नाव खाली लिहावं. जुन्या माणसांना विचारून लिहा. नव्यांनीही लिहा, तुम्हाला शेजाऱ्यांकडून कळलेलं असेल ते. रविवारपर्यंत आलेली सगळी नावं यादीत घालते आणि सोमवारी तिन्ही पंचायतींत प्रत देऊन येते.