पाटी जुनी, माणसं नवी: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका,

(तुम्ही मला ‘बाळ’ म्हटलंय, तेव्हा काका म्हणायला हरकत नसावी. दहावीतल्या पोरीच्या बापाला बाळ म्हणणारं माणूस हल्ली भेटत नाही, त्यामुळं बरंच वाटलं.)

‘येस’ या इंग्लिश रॉक बँडवरचा माझा लेख वाचून तुम्ही चांगलंच झाडलंय. उत्तर लांबत गेलं म्हणून ते वेगळं टाकतोय. ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात: मूळच्या पाच जणांपैकी एकही आज त्या बँडमध्ये नाही, म्हणजे पाटी जुनी आणि दुकान भलत्याचंच, असल्या पाटीला नमस्कार करणारा तो खुळा. दुसरं, वीस-वीस मिनिटांची गाणी म्हणजे नुसती कसरत. तिसरं, ज्या कोल्हापुरात जयपूर गायकीचे अल्लादियाखाँसाहेब राहिले त्या गावच्या माणसानं हे असलं डोक्यावर घ्यावं याचं तुम्हाला वाईट वाटतं. आणि शेवटी, ‘एक तरी ऐकण्याजोगं दाखव’.

पाटीपासून सुरुवात करतो, कारण खरा वाद तिथंच आहे.

तुमची माहिती बरोबर आहे. १९६८ साली लंडनमध्ये जॉन अँडरसन (गायक), ख्रिस स्क्वायर (बास गिटार), पीटर बँक्स (गिटार), टोनी के (कीबोर्ड) आणि बिल ब्रुफर्ड (ड्रम) यांनी हा बँड काढला. त्यातलं आज कुणी नाही. पण काका, ही गळती आजची नाही, ती पहिल्यापासूनच आहे. बँक्स १९७० मध्ये गेला, स्टीव्ह हाऊ आला. १९७१ मध्ये टोनी के गेला, रिक वेकमन आला. १९७२ मध्ये ‘क्लोज टू द एज’ या अल्बमचं रेकॉर्डिंग संपलं आणि ब्रुफर्ड उठून किंग क्रिम्झन या दुसऱ्या बँडमध्ये गेला, दौरा तोंडावर आलेला, तेव्हा अॅलन व्हाइटनं ती सगळी अवघड गाणी तीन दिवसांत बसवली आणि पुढं मरेपर्यंत, म्हणजे २०२२ पर्यंत, तोच ड्रमवर होता. ज्या काळाला तुम्हीसुद्धा ‘खरा येस’ म्हणाल, त्याच काळात पाचातले तीन बदलून झाले होते. मग खरा येस नेमका कोणत्या तारखेपर्यंतचा धरायचा?

माणसं तीच राहिली की काम चांगलं होतं, हेही नोंदी बघितल्या तर टिकत नाही. १९७८ चा ‘टॉर्माटो’ घ्या. अँडरसन, स्क्वायर, हाऊ, वेकमन, व्हाइट, सगळे हुकमी एक्के हजर, आणि अल्बम असा गुदमरलेला वाजतो की जणू कुणी स्पीकरवर गोधडी टाकली आहे. उलट १९८० मध्ये अँडरसन आणि वेकमन दोघंही सोडून गेले, त्यांच्या जागी बगल्स नावाच्या पॉप जोडगोळीतले ट्रेव्हर हॉर्न आणि जेफ डाउन्स आले. चाहत्यांनी कपाळावर हात मारला. आणि त्यातून निघाला ‘ड्रामा’, जो मी आजही पहिल्या पाचांत धरतो. पुढं २०१४ चा ‘हेवन अँड अर्थ’: संस्थापक स्क्वायर त्यात आहे, आणि तरी तो त्यांचा सगळ्यात मिळमिळीत अल्बम आहे. इथं मी भक्त वगैरे नाही. तो मी दोनदा ऐकला, तिसऱ्यांदा ऐकणार नाही.

आता आपल्याच गावातलं बोलू. केशवराव भोसल्यांनी १९०८ मध्ये हुबळीत ‘ललितकलादर्श’ ही नाटक कंपनी काढली. १९२१ च्या जुलैत बालगंधर्वांबरोबर संयुक्त ‘मानापमान’ केलं आणि त्याच ऑक्टोबरात विषमज्वरानं गेले. वय एकतीस. कंपनीचा मालक, नायक, गळा, सगळं एकच माणूस, आणि तोच गेला. तुमच्या हिशेबानं त्या दिवशी पाटी उतरवायला हवी होती. ती उतरली नाही. बापूराव पेंढारकरांनी कंपनी हातात घेतली आणि १९२२ मध्ये मामा वरेरकरांचं ‘सत्तेचे गुलाम’ रंगमंचावर आणलं. गायक वझेबुवांच्या चाली, पु. श्री. काळ्यांचं नेपथ्य. केशवरावांची नक्कल करायच्या भानगडीत न पडता कंपनी दुसऱ्याच रस्त्याला लागली. आणि बापूरावांनंतर भालचंद्र पेंढारकरांनी तीच पाटी पुन्हा वर लावली. ही ‘खरी’ ललितकलादर्श नव्हे, असं म्हणणारं माणूस मला तरी अजून भेटलेलं नाही.

केशवरावांच्या नावाचं नाट्यगृह त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, ८ ऑगस्ट २०२४ ला जळालं. तेव्हा अख्खं गाव हळहळलं, तुम्हीही हळहळला असालच. नवं छप्पर, नवा रंगमंच, नव्या खुर्च्या लागणार आणि तरी त्याला आपण केशवराव भोसले नाट्यगृहच म्हणणार. दुसरं काही नाव सुचवून बघा मंगळवार पेठेत!

मी येसकडं बँड म्हणून कमी आणि नाटक कंपनी म्हणून जास्त बघतो. कंपनीत नट येतात, जातात, भांडतात, परत येतात. बघायचं एवढंच की कंपनीची रीत हातातून हातात नीट जाते की नाही. स्क्वायर २०१५ मध्ये रक्ताच्या कर्करोगानं गेला. त्याच्या जागी उभा राहिलेला बिली शेरवुड त्याच्याबरोबर बरीच वर्षं वाजवलेला, आणि आपल्यामागं तूच वाजव असं स्क्वायरनंच सांगितल्याचं तो सांगतो. आजचा गायक जॉन डेव्हिसन आधी येसचीच गाणी गाणाऱ्या एका बँडमध्ये होता, म्हणजे चाहत्यांतूनच वर आलेला. यात मला तरी तालीमच दिसते, दुकानदारी नाही.

दुकानदारी नाहीच, असं मात्र मी म्हणणार नाही. २०१६ नंतर काही काळ अँडरसन, येसचा एक जुना गिटारवाला ट्रेव्हर रेबिन आणि वेकमन आपला वेगळा येस घेऊन फिरत होते आणि हाऊचा येस वेगळा. एका नावाचे दोन बँड, चाहत्यांचे दोन तट, कोण खरा यावर रात्र-रात्र भांडणं. तो सगळा प्रकार पोरकट होता. तिथं तुमचा टोमणा बसतो, मी झेलला.

आता लांबी. तुम्ही देवल क्लबातल्या मैफिलीत पुढच्या रांगेत बसून तास-तासभर एक राग ऐकणारे, आणि ‘क्लोज टू द एज’ या गाण्याची पावणेएकोणीस मिनिटं तुम्हाला जास्त वाटतात?

‘क्लोज टू द एज’ मी पहिल्यांदा घरी आणलं ते कॅसेटवर. तेव्हा राजारामपुरीत गाणी भरून देणारी दुकानं होती. कोरी कॅसेट आपली, पैसे गाण्यामागं. दुकानदारानं रेकॉर्ड लावली आणि काउंटरवर गिऱ्हाईक बघत उभा राहिला. पाखरं आणि पाण्याचा आवाज, मग एकदम गिटारचा गोंधळ, मधेच सगळं थांबून नुसता ‘आ’, परत गोंधळ. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बाराच्या सुमाराला सगळं शांत होऊन चर्चमधला ऑर्गन सुरू झाला तसा तो वळला. म्हणाला, ‘‘आता दुसरं लागलं न्हवं?’’ मी म्हटलं, नाही, तेच चाललंय. ‘‘मला काय खुळा समजलास व्हय? ह्याचं चार गाण्याचं पैसं पडतील.’’ मी हुज्जत घातली आणि शेवटी चाराचे दिले. पुढं कधीतरी मूळ कव्हर हातात आलं तेव्हा बघितलं, गाण्याचे भाग चारच आहेत, चौघांना वेगवेगळी नावं. त्या माणसाला इंग्रजी येत नव्हतं आणि येस कोण हे ठाऊक नव्हतं, पण कान शाबूत होता. गाणं कुठं कूस बदलतं ते त्यानं पाठमोरं उभं राहून ओळखलं. नुसती कसरत असती तर त्याला ते कळलं असतं का?

कसरत त्यांच्याकडं आहे, नाही असं नाही. १९७३ चा ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’ म्हणजे दोन रेकॉर्डच्या चार बाजूंना चार गाणी. कल्पना अँडरसनला परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातल्या एका तळटीपेवरून सुचली: श्रुती, स्मृती, पुराणं, तंत्र. आपल्याकडचं नाव निघालं म्हणून मी छाती फुगवणार नाही. दुसरी बाजू मला जड जाते. खुद्द वेकमनलाही जात होती. मँचेस्टरच्या कार्यक्रमात बाकीचे वाजवत असताना त्यानं कीबोर्डमागं बसून चक्क करी खाल्ली, आणि १९७४ मध्ये बँड सोडला.

राहिले खाँसाहेब. त्यांच्याबद्दल मला तुमच्याइतकाच आदर आहे आणि त्यात कसली वाटणी होत नाही. पण एक आठवण करून देतो. कोल्हापूरला येण्याआधी अतोनात गाऊन त्यांचा आवाज बसला होता, आणि उरलेल्या आवाजाला झेपेल अशी नवी गायकी त्यांना घडवावी लागली. आपण ज्या गायकीला जयपूर म्हणून मानतो ती हीच. ‘पहिल्यासारखं राहिलं नाही’ म्हणून तेव्हा लोक उठून गेले असते तर आज तुम्ही मला कुणाचं नाव घेऊन दटावलं असतं?

आव्हानाचं म्हणाल तर ‘ड्रामा’मधलं शेवटचं गाणं ऐका, ‘टेम्पस फ्युजिट’. पाचेक मिनिटांचंच आहे, घाबरू नका. गाणाऱ्याकडं लक्ष देऊ नका, खाली बास ऐका. स्क्वायर लहानपणी चर्चच्या कॉयरमध्ये गायचा, आणि बास वाजवतानाही साथीला न बसता स्वतःची वेगळी चाल गात राहतो. रिकनबॅकर कंपनीचा बास, तारा छेडायला बोटांऐवजी पिक म्हणजे छोटी पट्टी, आणि खर्ज एका अॅम्प्लिफायरला तर वरचा खणखणीत सूर दुसऱ्याला. म्हणून तो मागं लपत नाही. आणि गंमत बघा, मुख्य गायक सोडून गेलेल्या या बँडनं त्याच गाण्यात यंत्रातून काढलेल्या आवाजात ‘येस, येस’ म्हणून ठणकावलंय.

मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, बास गायब होतो. नातवाचा हेडफोन मागून घ्या. नाही आवडलं तर इथंच लिहा, मी काढून टाकणार नाही. फक्त मधेच बंद केलंत तर कितव्या मिनिटाला केलंत तेवढं लिहा, मला त्यात खरंच रस आहे.