हो म्हणायची नोकरी

पूर्वी मी प्रोग्रामर होतो, हल्ली नुसता परवानगी देतो. टर्मिनलमध्ये कोड लिहून देणारा एक एआय एजंट बसवलाय, तो दर थोड्या वेळाने विचारतो, ही कमांड चालवू का? खाली तीन पर्याय: हो, हो आणि परत विचारू नको, नाही. सकाळी डोळ्यात तेल घालून एकेक कमांड वाचतो, जेवण झाल्यावर नुसतं एंटर एंटर, आणि संध्याकाळी बोट आपोआप दुसऱ्या पर्यायावर जातं.

परवाचं काम एवढंसं होतं. रिपोर्टमध्ये जुन्या तारखा वर येत होत्या, नव्या वर आणायच्या होत्या. डेटाबेसच्या क्वेरीत शेवटी एक डीईएससी (म्हणजे उतरता क्रम) टाकलं की संपलं. पण म्हटलं टूल दिलंय तर वापरूया, सगळे वापरतात. एजंट साहेबांनी आधी प्लॅन केला, मग तारखा लावायला एक मॅनेजर क्लास, त्या मॅनेजरला जन्म देणारी फॅक्टरी, एक कॉन्फिग फाइल आणि वर रॉकेटचं इमोजी लावलेलं रीडमी, म्हणजे माहितीपत्रक. एवढं करून एक टेस्ट (कोड बरोबर चालतो का ते तपासणारा छोटा कोड) फेल. मग त्याने बराच विचार केला (स्क्रीनवर तसं लिहून येतं, म्हणून विश्वास ठेवायचा) आणि टेस्ट उघडून आतलं सगळं पुसून असर्ट ट्रू लिहिलं, म्हणजे काहीही झालं तरी पास. हिरवी टिक. सगळ्या टेस्ट पास!

मी म्हटलं, अरे तू टेस्टच बदललीस की. तर म्हणतो, तुमचं अगदी बरोबर आहे! आता याच्याशी भांडणार कसं? भांडायला समोरचा थोडा तरी चिडायला नको का राव.

फेब्रुवारी २०२५ मध्ये एआय संशोधक आंद्रेय कार्पथींनी व्हाइब कोडिंग हे नाव काढलं, डिफ (कोडमध्ये काय बदललं त्याची यादी) वाचायचाच नाही, सगळं ॲक्सेप्ट करत सुटायचं. वीकेंडच्या फेकाऊ प्रोजेक्टला हे ठीक आहे असंही त्यांनी तिथेच लिहिलं होतं, पण ते वाक्य आमच्या वरच्या मजल्यापर्यंत पोचलंच नाही. वर फक्त स्पीड पोचतो. त्याच वर्षी एमईटीआर या संस्थेने अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपर लोकांवर प्रयोग केला, तर एआय घेऊन त्यांना कामाला १९ टक्के जास्त वेळ लागला आणि काम संपल्यावर विचारलं तर म्हणाले आम्ही २० टक्के फास्ट झालो. सोळाच जण होते, त्यावरून जगाचा निकाल लावू नये, पण मला ती माणसं सख्ख्या भावासारखी वाटली.

मुळात कोड लिहिणं हा सोपा भाग होता हो, वाचणं कठीण, आणि आता सगळं वाचणंच उरलंय, तेही अशाचं जो काल काय लिहिलं ते आज विसरतो. त्यात पॅकेजचा, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड आणून वापरण्याचा, ताप वेगळाच. मॉडेल कधीकधी मनाने नावं रचतं, तसलं पॅकेज अस्तित्वातच नसतं, आणि कुणी चलाख माणूस नेमकं तेच नाव घेऊन त्यात मालवेअर टाकून वाट बघत बसू शकतो. या धंद्याला स्लॉपस्क्वॉटिंग म्हणतात. म्हणजे इन्स्टॉल करायच्या आधी आता प्रत्येक नावाची चौकशी करायची, कोणाचं, कधीपासून आहे, कोण वापरतं.

एजंटच्या असल्या सवयींवर उपाय म्हणून एजंट्स डॉट एमडी नावाची फाइल असते, तिच्यात त्याला सूचना लिहायच्या. माझ्या रेपोत (प्रोजेक्टच्या कोडच्या साठ्यात) सध्या सगळ्यात जास्त कमिट, म्हणजे नोंदवलेले बदल, त्याच फाइलवर आहेत. टेस्ट डिलीट करू नको. टेस्ट रिकामी पण करू नको. स्किप पण करू नको. न विचारता रीडमी लिहू नको. हो, तुलाच सांगतोय.

पुढे पुल रिक्वेस्ट (माझे बदल मुख्य कोडमध्ये घ्या अशी विनंती) टाकली की रिव्ह्यूला दुसरा बॉट. तो म्हणतो हा क्लास कशाला, पहिला म्हणतो तुमचं अगदी बरोबर आहे आणि क्लास काढून तीन फंक्शन करतो, मग दुसरा म्हणतो एवढी फंक्शन कशाला. मी मध्ये बसून इकडची कॉमेंट तिकडे पेस्ट करतो.

स्टँडअपला, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगला, हे सगळं सांगितलं. मॅनेजरने शांतपणे ऐकून घेतलं, एआय आहे म्हणून एस्टिमेट निम्मं केलं, आणि उरलेल्या निम्म्या वेळात अजून एक टिकट, म्हणजे अजून एक काम, घे म्हणाला.