बॅट सरळ धर न माय!

सकाळचा राग अजून उतरलेला नाही, तेवढ्यात लिहून टाकतो. मी अमरावतीत शाळेतल्या मुलींना सॉफ्टबॉल शिकवतो. "म्हणजे बेसबॉल ना?" नाही. "मग बॉल मऊ असतो का?" तोही नाही, बारा इंच घेराचा तो बॉल एकदा नडगीवर घेऊन बघा.

खरी मारामारी हिटिंगची. आमच्याकडे येणारी प्रत्येक पोरगी आधी गल्लीत भावाबरोबर क्रिकेट खेळलेली असते (खेळलेली म्हणजे भावाने बॉल आणायला पळवलेली), त्यामुळे हातात बॅट आली की पहिलं काम म्हणजे खाली ठोकायची. होम प्लेटवर, म्हणजे बॅटरसमोर जमिनीवर असते त्या पाटीवर, टक टक टक. अगं, क्रिकेटचं पिच ६६ फुटांचं, इथे मोठ्या मुलींच्या गेममध्ये पिचर ४३ फुटांवरून हात गर्रकन फिरवून टाकते, तू बॅट खालून वर आणेपर्यंत बॉल कॅचरच्या ग्लोव्हमध्ये! बॅट खांद्यामागे हवी, आधी कंबर फिरली पाहिजे आणि हात तिच्या मागून आले पाहिजेत. सांगायला एक वाक्य, अंगात उतरायला अख्खा सीझन. बॉल कट लागून मागे गेला की "फोर!" म्हणून नाचतात, तो फाउल असतो. आणि चुकून बरोबर लागलाच तर बॅट टाकायची सोडून बॅट घेऊनच पळतात आणि फर्स्ट बेसला पोचल्यावर वाकून ती टेकवतात.

तर आज टीवर प्रॅक्टिस चालू होती. टी म्हणजे प्लंबरकडून आणलेला पीव्हीसी पाइप, वर रबरी नळीचा तुकडा, त्यावर बॉल ठेवायचा आणि पोरीने फक्त स्विंग नीट करायचा. तेवढ्यात मॉर्निंग वॉकवाले काका थांबले. हे रोज मैदानाला फेऱ्या मारायला येतात, मारताना कोणी पाहिलेलं नाही. कानटोपी, हातात काठी. काठी टेकायला नाही, दाखवायला.

"ओ सर, बॉल टाकाले कोनी नाही का?"

"मुद्दाम ठेवलाय काका. टेक्निकसाठी."

"ठेवलेला बॉल तं माही नात बी मारते."

नेमकी त्याच क्षणी आमच्या पोरीने बॉल सोडून पाइप हाणला. पाइप आडवा. काका इतके खूश झाले की काठी बगलेत मारून आतच आले.

"पायलं का! बॅट सरळ धर न माय. सरळ बॅटनं खेळलं का आउट होत नाही मानूस."

"काका, हे क्रिकेट नाही, सॉफ्टबॉल आहे."

"थे कोन खेळते?"

आता मी पेटलो. म्हटलं, काका, १९९६ ला अटलांटा ऑलिम्पिकमध्ये होता हा खेळ, २०२८ ला लॉस एंजेलिसला परत येतोय.

"अन् आपला भारत होता का थ्या अटलांटाले?"

नव्हता.

"मंग?"

मी शेवटचं अस्त्र काढलं, आपल्या गावचं. म्हटलं, हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पोरांनी १९३६ ला बर्लिनला जाऊन कबड्डी दाखवली, तेव्हा तिथे कबड्डी तरी कोणाला माहीत होती? काकांनी एवढा विचार केला की मला वाटलं जिंकलो.

"थे बिना बॅटचे गेले होते," काका म्हणाले. "खर्च नाही काही."

यावर काय बोलणार? मी पाइप उभा करतोय तोवर काकांनी बॅट घेऊन कमरेएवढ्या उंचीवर ठेवलेल्या बॉलला फॉरवर्ड डिफेन्स करून दाखवला. बॉल टपकन पायाशी पडला. "आसं," म्हणाले. मग बॅट पोरीला दिली आणि म्हणाले, "डोये झाकू नको न माय, बॉलकडे पाय." आणि त्या पोरीने जो हाणला तो थेट कंपाउंडला. पोरींनी टाळ्या वाजवल्या. काकांसाठी! अरे, बॉलकडे बघ, बॉलकडे बघ करून माझा घसा बसलाय, या पोरीलाच सांगून बसलाय.

बरं, काका निदान बॉलकडे बघायला तरी सांगतात. पालक बघतात सर्टिफिकेटकडे. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, दहावीला वाढीव गुण आहेत, चांगलीच गोष्ट आहे, पण "सर, बॅटिंग नाही जमली तरी चालेल, टीममध्ये नाव तेवढं टाका" असं पोरीसमोरच बोलता, मग तिने कंबर कशाला फिरवायची? मैदानाचा बरा अर्धा भाग क्रिकेटच्या नेट्सना, आम्हाला मांडववाल्यांचा कोपरा. लग्नसराईत खिळे वेचणं हाच आमचा वॉर्म-अप. मांडववाल्याला बोललो तर म्हणतो पोरींना बूट घालायला सांगा. स्पाइक्सची किंमत माहीत आहे का रे तुला?

दुपारी त्या पोरीच्या आईचा फोन आला. मला वाटलं, पोरीने घरी हिटचं सांगितलं असेल, कौतुक करतील.

"सर, ते काका रोज येतात का हो?"

"येतात. का?"

"नाही, बॅच सहाला असते ना, अन् ते साडेसहाला येतात म्हणे. मग हिला साडेसहालाच पाठवू का?"

पाठवा म्हटलं. फी मात्र माझ्याकडेच द्या, दोन महिन्यांची राहिलीय.