एका सिनेमाची दोन तिकिटं कशी लावावीत

तुमच्याकडे गोष्ट आहे दीड सिनेमाची आणि तिकिटं मात्र दोन विकायची आहेत? घाबरू नका. पाहुणे वाढले की आमटीत पाणी वाढतं, तसंच हे. हाँगकाँगच्या स्टीफन फंग या दिग्दर्शकाने २०१२ साली ‘ताई ची झीरो’ आणि ‘ताई ची हीरो’ हे दोन भाग महिन्याभराच्या अंतराने चीनमध्ये लावले. ते समोर ठेवा आणि वही उघडा.

नायक खराखुरा निवडा. यांग लुचान हा १९व्या शतकातला ताई ची या चिनी युद्धकलेचा मोठा गुरू. आजची यांग शैली त्याच्याच नावाने चालते. हेनान प्रांतातल्या चेन घराण्याच्या गावात बाहेरच्याला विद्या देत नसत, म्हणून त्याने रात्री चोरून तालीम पाहिली अशी दंतकथा आहे. आपल्या एकलव्याचा चुलतभाऊच, फक्त अंगठा शाबूत. इतकी तयार गोष्ट हाती आली की तिच्या वाटेला जाऊ नका. त्यापेक्षा नायकाच्या डोक्यावर एक मांसल शिंग उगवा. शिंगावर ठोसा बसला की पठ्ठ्या पिसाळतो आणि त्याचं आयुष्य घटतं. (शिंग काळं पडत जातं. प्रेक्षकाला हिशेब ठेवायला बरं.)

पहिल्या भागात हात सैल सोडा. बालपण मूकपटासारखं दाखवा. पडद्यावर व्हिडिओ गेमसारख्या पाट्या नाचवा. नवा नट आला की तो खऱ्या आयुष्यात कोण हेही लिहून टाका. म्हणजे शेजारच्या काकांची ‘ह्याला कुठं बरं पाहिलाय?’ ही कटकट मिटते. मारामाऱ्या सॅमो हंग या हाँगकाँगच्या मुरलेल्या गड्याकडे सोपवा, नायकाला युआन शियाओचाओसारखा वुशूचा, म्हणजे चिनी युद्धकलेच्या स्पर्धांचा, खरा विजेता घ्या आणि त्याला गावातल्या चिमुरड्या पोरीपासून सगळ्यांकडून यथेच्छ बदडून घ्या. इंग्लंडहून शिकून आलेला खलनायक गावातून रेल्वे न्यायला वाफेवरचं लोखंडी धूड घेऊन येऊ दे. हे सगळं धमाल आहे हो, उगाच खोटं कशाला बोलू!

पथ्य एकच. नायकाला ताई ची शिकवू नका. नावात ताई ची आहे म्हणून सिनेमातही हवी, असा हट्ट धरणारा प्रेक्षक उद्या मिसळीत मिसळ मागेल. त्याला अक्षता टाकायला बोलवा आणि पंगत पुढच्या महिन्यात ठेवा. नायकाचा गावात पाय टिकतोय न टिकतोय तोच श्रेयनामावली सोडा, तिच्याबरोबर पुढच्या भागाची झलक. प्रेक्षक जागेवर बसून राहील. त्याला वाटेल मध्यंतर झालं.

दुसऱ्या भागात सूर बदला. पाट्यांचा धुडगूस आवरा, सगळ्यांना गंभीर करा, जणू मधल्या महिन्यात घरात कुणी गेलं. गावच्या गुरूचा, म्हणजे मास्टर चेनचा, बऱ्याच वर्षांनी परतलेला थोरला मुलगा, त्याचं पंखांचं उडतं यंत्र, गावाचं भाकीत, मग तोफा घेऊन आलेलं सैन्य. एवढ्या गर्दीत घोडं कुठं पेंड खातं ते तुमचं तुम्हालाच दिसेल, ते हाकलू नका. शिकण्याचे प्रसंग, ज्यासाठी माणसानं दोनदा तिकीट काढलं, ते मला तरी उरकल्यासारखे वाटले. तुम्हीही उरकून घ्या. मास्टर चेनच्या भूमिकेत टोनी लियुंग का-फाई आहे, तो नुसता उभा राहिला तरी चालतं.

आणि अगदी शेवटी, प्रेक्षक मोबाइलमध्ये वेळ बघू लागला की, स्वयंपाकघर उघडा. तिथे युएन बियाओला उभा करा. हा सॅमो हंगचा जुना गुरुबंधू. दोघंही जॅकी चॅनबरोबर हाँगकाँगमधल्या एकाच ऑपेरा शाळेत घडले. एकीकडे त्याचं बाग्वा, ही दुसरी चिनी युद्धकला, दुसरीकडे नायकाची ताई ची. शिंगाचं काम नाही, यंत्र नाही, नुसते दोघांचे हात, पाय आणि तोल. हा प्रसंग आधी कुठेही लावू नका. आधी लावलात तर प्रेक्षक विचारेल की अख्खा सिनेमा असाच का नाही काढला, आणि तुमच्या वहीत त्याचं उत्तर नसेल.