सोळा नंबर

परवा लिफ्टमध्ये एका गृहस्थांनी माझ्या तोंडात मोबाइलची बॅटरी मारली. गृहस्थ निवृत्त दंतवैद्य आहेत, आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात. मी त्यांच्याकडे दाढ दुखते म्हणून गेलो नव्हतो. मी दुधाच्या पिशव्या घेऊन घरी चाललो होतो.

मागचं पुढचं थोडक्यात सांगून टाकतो. मी कथा-कादंबऱ्या लिहितो. मराठी कादंबरीची आवृत्ती एके काळी हजाराची निघायची, मग ती पाचशेवर आली, आणि हल्ली प्रकाशक म्हणतात, ‘लागतील तशा छापू.’ लागणार नाहीत हे त्यात आलंच. तेव्हा भाच्याने डोक्यात भरवलं की मामा, तू यूट्यूबवर साहित्यावर व्हिडिओ निबंध कर, तू बोलतोस बरा. केला. बेडरूमच्या दाराला गोधड्या टांगून, पंखा बंद करून, घाम पुसत केला.

विषय घेतला मराठीतल्या पहिल्या दिवाळी अंकाचा. १९०९ साली का. र. मित्रांनी इंग्रजी नाताळ अंकांच्या धर्तीवर ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला. नरक चतुर्दशीला फराळाचं ताट आणि शेजारी जाडजूड अंक ही जी आपण सनातन परंपरा समजतो, तिचं वय एवढंच. मी अगदी रंगून सांगत होतो आणि खालून नेमका रद्दीवाला ओरडला. तो व्हिडिओत आहे. भाचा म्हणाला, राहू दे, नॅचरल वाटतं.

तर थंबनेल. व्हिडिओ उघडण्याआधी जो फोटो दिसतो तो. माझी समजूत होती की तिथे ‘मनोरंजन’चं मुखपृष्ठ जाईल. भाच्याने मला खिडकीत उभं केलं.

“मामा, तोंड उघड.”

“कशाला?”

“तुला धक्का बसलाय.”

“कसला?”

“दिवाळी अंकाचा. अजून उघड. अजून. डोळे पण.”

पुस्तकांच्या मलपृष्ठावर माझा एक फोटो आहे. हनुवटीला हात, नजर दूर कुठेतरी. वर्षानुवर्षं मी तोच वापरत आलो. आता माझा जबडा टाळ्यापर्यंत उघडा आहे, त्याच्याकडे एक लाल बाण गेला आहे आणि खाली पिवळ्या अक्षरांत लिहिलं आहे : ‘१९०९ च्या दिवाळीत नेमकं काय घडलं???’ तीन प्रश्नचिन्हं. मी एक तरी काढ म्हणालो, तर म्हणे अल्गोरिदमला चालत नाही. हा अल्गोरिदम आमच्या घरातल्या एखाद्या खाष्ट आत्याबाईंसारखा झाला आहे. कुणी पाहिलेल्या नाहीत, पण त्यांना काय चालत नाही हे सगळ्यांना ठाऊक.

लिफ्टचं दार लागलं आणि डॉक्टरांनी माझ्याकडे निरखून पाहिलं.

“यूट्यूबवाले तुम्हीच ना?”

मी मोहरलो. लेखक म्हणून मला या इमारतीत आजवर कुणी ओळखलेलं नाही. मेंटेनन्सच्या थकबाकीदारांच्या यादीत मात्र एकदा नाव लागलं होतं.

“पाहिलात तुम्ही?”

“नातवाने दाखवलं. सोळा नंबर गेलाय तुमचा.”

“काय गेलंय?”

“सोळा. उजवीकडची वरची, पहिली मोठी दाढ. आमच्यात तिला सोळा म्हणतात. पोखरलीय. दुखत नाही?”

“नाही हो. व्हिडिओ कसा वाटला?”

“उघडायची गरजच नाही पडली. बाहेरच्या फोटोतच सगळं आलंय.” आणि त्यांनी हवेतच दोन बोटं फाकवून तो फोटो कसा मोठा करून पाहिला ते मला दाखवलं. “काय फोटो आहे! चाळीस वर्षं प्रॅक्टिस केली, ‘आ करा, आ करा’ म्हणून घसा बसायचा, पण एवढं तोंड एकाही पेशंटने उघडलं नाही. बाण पण बरोबर जागी मारलाय. कुणी दाखवली होती का आधी?”

“बाण मुखपृष्ठाकडे असायला हवा होता, तो तिकडे सरकला. विषय दिवाळी अंकाचा आहे. का. र. मित्रांनी...”

“कारमित्र? सर्व्हिसिंगवाले?”

“काशिनाथ रघुनाथ मित्र. मूळचे आजगावकर. बंगालीचे मोठे भोक्ते.”

“बंगाली फार गोड खातात. त्यांचे पण दात जातात. जरा आ करा बघू.”

आता शिकलेल्या माणसाने लिफ्टमध्ये आ करू नये. पण डॉक्टर ‘आ करा’ म्हणाले की मान आपोआप मागे जाते, हे संस्कार आहेत. माझ्या दोन्ही हातांत पिशव्या. त्यांनी बॅटरी लावली, डोकं माझ्या नाकाशी आणलं आणि “हं... हं... अरेरे” असं सुरू केलं. दुसऱ्या मजल्यावर दार उघडलं. बाहेर कोपऱ्यातल्या फ्लॅटमधल्या वहिनी, हातात भाजीची पिशवी. त्या आत आल्या, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “अय्या, सेम फोटोतल्यासारखं!”

“या, या, बघा,” डॉक्टर त्यांना म्हणाले. “मागून दुसरी काळी दिसतेय ना, तीच.”

वहिनींनी पाहिली. खोटं कशाला बोलू, मनापासून वाकून पाहिली. माझ्या कुठल्याही कथेकडे कुणी इतक्या जवळून पाहिलेलं मला आठवत नाही. वर “लवंग धरा हो दाढेखाली” असा सल्ला देऊन त्या उतरल्या.

इथवरही हसण्यावारी नेलं असतं. पण बॅटरी बंद करताना डॉक्टर म्हणाले, “एक सुचवू? तुमची ती कादंबरी, मला सही करून दिली होतीत बघा, ती पण सांगा ना यूट्यूबवर. दहा मिनिटांत. वाचायला वेळ कुठे होतो?”

या माणसाचा दिवस बाल्कनीत वरच्या कुंडीपासून खालच्या कुंडीपर्यंत पाणी घालण्यात जातो. त्याला वेळ नाही. बरं, ते एकटेच असं म्हणत नाहीत. कॉमेंटमध्येही तेच. ‘सर, छान माहिती, आता अमुक कादंबरीचा सारांश टाका.’ अहो, सारांशात जे उरत नाही त्याच्यासाठीच कादंबरी लिहितात! चारशे पानं जगलेली नायिका मी दहा मिनिटांत कशी मारू?

आणि दहा मिनिटं तरी कोण ऐकतंय? लोक नेमके कुठल्या सेकंदाला उठून गेले याचा आलेखच यूट्यूब काढून देतं. माझा अठरा मिनिटांचा व्हिडिओ बहुतेक मंडळी चाळिसाव्या सेकंदाला सोडतात. मी ‘मूळचे आजगावकर’ म्हणतो आणि रेघ कड्यावरून खाली येते. पुस्तकात ही सोय नव्हती ते किती बरं होतं. वाचकाने कादंबरी सतराव्या पानावर मिटून उशीखाली टाकली तरी लेखकाला पत्ता लागत नसे. समोर भेटला तर वाचक ‘वा’ म्हणायचा, लेखक ‘आभारी आहे’ म्हणायचा, आणि मराठी साहित्य सुखाने चाललेलं असायचं.

पैशांचंही सांगतो. जाहिरातींचा वाटा मिळायला १००० सदस्य आणि १२ महिन्यांत ४००० तासांचं पाहणं लागतं. चाळीस सेकंदांच्या हिशेबाने ४००० तास भरायचे तर तीन लाख साठ हजार माणसं यावी लागतात. तेवढी जमली की मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातींतले ५५ टक्के करणाऱ्याला. प्रकाशकाने मला दहाच्या वर कधी नेलं नाही, हेही सांगायला हवं. फक्त तिथे पाचशे लोकांची वाट पाहायची होती, इथे अख्ख्या शहराची.

काल एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. मी कथेचं बोलायला लागलो. चांगली जमली आहे, जरा लांब आहे, पण शेवट...

“कथा नको,” ते म्हणाले. “कथा पडून आहेत भरपूर. तुम्ही त्या व्हिडिओत दिवाळी अंकाबद्दल बोललात ना, तेच लिहून द्या. हजार शब्द. सोपं ठेवा, ते बंगालीबिंगाली काढून टाका.”

“व्हिडिओ पूर्ण पाहिलात?”

“पाहिला की. सुरुवातीचा.”

गेल्या वर्षीच्या कथेचं मानधन अजून आलेलं नाही, तेवढं विचारावं म्हणून मी लगेच उलटा फोन लावला. तो व्यस्त लागला. आज सकाळीही व्यस्तच लागतोय.